गाठी मारून राहिली

माझ्या मुठीत दोरा सापडला तेव्हा गणिताचा पेपर सुरू होऊन तासभर होत आला होता. दोन हात लांब पांढरा सुती दोरा, आणि त्यावर चार गाठी. देखरेखीच्या बाईंनी माझी बोटं एकेक करून उघडली, दोरा चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात उंच केला. खोलीतल्या सगळ्या पोरींचे टाक थांबले. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग. तोही बाईंवर नाही, शेजारच्या बाकावरच्या पोरीवर. हिनंच चुगली केली, दुसरं कोण करणार, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

ठरवून टाकायची ही खोड माझी जुनी आहे. म्हातारपणी तरी ती कमी व्हायला हवी होती, पण दूधवाला हसून बोलला तर आजही मी आधी दुधात बोट घालून पाहते. सून म्हणते, तुमचा कोणावर म्हणून भरवसा नाही. नाहीच मुळी. काहून ठेवू? ज्या घरात मी वाढले तिथं भरवसा ठेवायची चालच नव्हती.

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. आमची गल्ली इतवारीच्या मागची, सगळी विणकरांची. घरात शिरलं की पहिल्याच खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बा मागावर बसलेला, आणि हातातला धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. उजाडलं की खटखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. एका घरची नाही, अख्ख्या गल्लीची. आम्ही पोरं त्या खटखटीत जेवलो, रडलो, पाढे पाठ केले. सूत व्यापारी द्यायचा, तयार लुगडं व्यापारीच न्यायचा. बाला संशय, की व्यापारी सूत ओलं करून देतो. व्यापाऱ्याला संशय, की बा खळ जास्त लावून लुगडं जड करतो. माय गुळाच्या ढेपेवर नखानं रेघ ओढून ठेवायची, कारण तिचा संशय आत्यावर. आत्या म्हणजे बाची विधवा बहीण. ती आमच्याच घरी राहायची, आणि तिचा संशय सगळ्या जगावर. कोणी गोड बोललं की आमच्या घरात आधी एकच विचार व्हायचा, याले काय पायजे असन?

मला काय पाहिजे होतं ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या शाळेत एक बाई होत्या. काळी छत्री घेऊन एकट्या चालत यायच्या. शाळेजवळच त्यांची भाड्याची खोली होती. संध्याकाळी कमरेची किल्ली काढायच्या, स्वतःच्या खोलीचं कुलूप स्वतः उघडायच्या आणि आत जाऊन दार लावून घ्यायच्या. आत काय करतेस, किती वेळ लावतेस, असं विचारायला मागे कोणी नाही. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ते पाहत असे. मला ती किल्ली हवी होती. त्यासाठी मराठी सातवीची परीक्षा पास व्हायची, मग नॉर्मल स्कूलमध्ये जायचं, मग मास्तरीण. एवढा सरळ रस्ता होता.

आणि सातवीला मी नापास झाले. येत नव्हतं म्हणून नाही. मला सगळं येत होतं, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगीन. पेपर हातात आला, पहिलंच गणित हौदाचं. एका तोटीनं हौद भरतो, दुसरीनं रिकामा होतो. घरी मी हे गणित भाकरी थापता थापता सोडवत असे. पण त्या मोठ्या खोलीत माझे हात गार पडले, कानात सूं सूं आवाज यायला लागला. टाक दौतीत बुडवला तर शाईचा थेंब नेमका प्रश्नावर पडला. मी त्या थेंबाकडे पाहत बसले. पाहता पाहता पहिली घंटा झाली, दुसरी झाली. माझा हौद काही भरला नाही.

घरी कोणाचा विश्वास बसेना. आत्या म्हणाली, "वाचतच नसन वं ते. पुस्तक समोर धरून झोपत असन." तेव्हापासून मी वाचायला बसले की आत्या समोर येऊन बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पान किती वेळानं पलटतं त्यावर तिचं बारीक लक्ष. एखाद्या अवघड गणिताशी थांबले की ओरडायची, "काहून गा, पोट्टी झोपली पाहा!" मग मला समजो न समजो, पानं पलटत राहायला शिकले. शेवटी आत्यानं बासमोर फैसला मांडला. कन्हानला तिच्या दिराच्या नात्यात एक मुलगा होता, खाणीवर कामाला. त्यांनी दोनदा विचारणा केली होती. "पोरगी अजून एक डाव बसते म्हणते त बसू दे. पण हा डाव गेला, का दप्तर माळ्यावर, अन् हे कन्हानले." बाचा धोटा चालूच राहिला. माय म्हणाली, "हाव." झालं. मला एकच वर्ष होतं.

शाळेत माझ्या बाकावर जी पोरगी बसायची, तिच्याविषयी आता सांगायला हवं. कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. अक्षर असं, की बाई तिची वही वर्गात फिरवायच्या. रोज सकाळी बाकावर बसली रे बसली की मला विचारणार, "तुले येते का वं आजचं?" मी म्हणायची, "नाही बाप्पा." ती म्हणायची, "मलेही नाही येत. मी त काहीच वाचलं नाही." आणि मग वर्गात उत्तर बरोबर द्यायची! असल्या पोरींचा मला भारी तिटकारा. काहीच वाचलं नाही म्हणे. मला वाटायचं, ही माझा अंदाज घेते. मला किती येतं ते काढून घेते आणि घरी जाऊन त्याच्या पुढचं वाचते. मग मीही खोटं सांगायला लागले. अपूर्णांक तोंडपाठ असले तरी म्हणायची, अपूर्णांक मी अजून उघडले नाहीत. ती हसायची नाही, चिडायची नाही, नुसती मान हलवायची. त्यानं माझा संशय जास्तच वाढायचा.

एका दुपारी मी बाजवळ सुताच्या कांड्या भरत बसले होते. मागावर धागा तुटला. शेकडो धाग्यांतला एक. बानं धोटा थांबवला, बोटांनी चाचपून तुटलेली टोकं काढली, एका हातानं गाठ मारली, तीही अशी चपटी की कापडावर दिसू नये, आणि खटखट पुन्हा सुरू. तोंडातलं गुणगुणणंही थांबलं नव्हतं. मी विचारलं, "बा, धागा तुटला का तुमाले भेव नाही वाटत?"

"काहून नाही वाटत? वाटते ना."

"मंग?"

"मंग काय. तुटला तोच धागा पाहाचा. बाकीचे पाहत बसलो त हात थरथरते, अन् थरथरत्या हातानं मी दुसरा तोडतो."

तेव्हा मी त्याला ते सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं. "बा, परीक्षेत लय शांत असते. काहीच वाजत नाही. मले वाटते, मागं काहीतरी होऊन राहिलं."

होऊन राहिलं, म्हणजे होतं आहे. आमच्याकडे असंच बोलतात. जेवून राहिलो, लिहून राहिली, पाऊस येऊन राहिला. पुण्यामुंबईच्या लोकांना हे विचित्र वाटतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसल्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

बानं धोटा बाजूला ठेवला. त्याला ते खरंच वाटलं असावं. खटखटीत वाढलेल्या माणसाला शांततेचा संशय येणारच. त्यानं मागाशेजारच्या लडीतून दोन हात दोरा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. "एक गणित झालं का एक गाठ मार. गाठ मारताना श्वास सोडाचा. गाठ आवळली का ते गणित संपलं, मंग मागं पाहाचं नाही. अन् जे येते ते आधी कर. हौदापाशी बसून राहू नको." मागावरची ती एका हाताची गाठ त्यानं मला त्याच दिवशी शिकवली. मी दिवसभर मारत बसले. दोऱ्याला खळीचा आंबूस वास होता. नाकाशी नेला की घरी बसल्यासारखं वाटायचं.

पण सराव शांततेत करायला हवा होता. गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळामागं एक ओटा होता. दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. मी पाटी, दोरा घेऊन रोज तिथं जायला लागले. दहा गणितं मांडायची, आधी सगळी एकदा वाचायची, सोपं आधी, श्वास सोडायचा, गाठ. पहिले दोन दिवस तिथंही कानात सूं सूं झालं. चौथ्या दिवशी झालं नाही. आठव्या दिवशी मी हौद भरला.

आत्याला हे सहन होईना. पोरगी रोज दुपारी देवळामागं जाते, म्हणजे कोणाला तरी भेटत असणार! ती एक दिवस चिंचेच्या झाडामागं लपून बसली. तिला दिसलं ते असं, की मी एकटीच बसले आहे, तोंडानं फूं करून श्वास सोडते आहे आणि दोऱ्याला गाठी मारते आहे. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. धावत घरी आली ती ओरडतच, "माय वं, पोरीवर कोणं करणी केली!" मग मीठ आलं, मोहऱ्या आल्या, लाल मिरच्या आल्या. दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या आणि ठसक्यानं घरभर सगळे खोकत बसलो. बा मागावरून हसत होता. मी रागानं लालबुंद झाले होते, पण आत्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ते मिरचीचं होतं की कशाचं, मी तेव्हा विचार केला नाही.

शाळेतल्या चाचणीत मी दोरा नेला. पेपर चांगला गेला. दुसरीत नेला, तोही चांगला गेला. शेजारची पोरगी माझ्या हाताकडे पाहते हे माझ्या लक्षात आलं होतं. मी परकराच्या घोळात हात लपवायला लागले.

परीक्षा आली. केंद्र मुलांच्या हायस्कुलात होतं, दगडी इमारत, उंच छत. त्या पोरीचा नंबर माझ्या पुढचाच, म्हणून तिथंही ती शेजारच्या बाकावर. पहिल्या दिवशी मराठीचा पेपर झाला. व्याकरणात वर्तमानकाळाची सगळी रूपं विचारली होती. मी करते, मी करत आहे, सगळं पुस्तकाप्रमाणे लिहिलं. हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर माझ्या कामाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणित. फाटकापाशी ती पोरगी उभी होती. मला पाहून आली आणि माझा हात धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते. तिनं विचारलं नाही, तुले येते का म्हणून. म्हणाली, "तो दोरा आणला का वं?"

मी मूठ पाठीमागं नेली. "कोणता दोरा?"

"गाठी मारते तू तो. मले अर्धा दे ना."

"कशाले?"

"असाच."

"असाच म्हणे! तुले काहून पायजे? तुले त सगळं येते."

तिनं तळहात परकराला पुसले आणि आत गेली. मला मेलीला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, हिनं माझी युक्ती हेरली आहे. अर्धा दोरा घेईल आणि बाईंना नेऊन दाखवेल. किंवा घेईल आणि माझ्यापेक्षा पुढे जाईल. दोन्ही वाटलं, एकाच वेळी. एका दोऱ्यानं दोन्ही कसं होईल, हा प्रश्न मला पडला नाही.

पेपर हातात आला. तिसरा प्रश्न हौदाचा! पण बाचं बोलणं आठवलं. आधी येते ते. पहिलं गणित सोडवलं, श्वास सोडला, डाव्या मुठीत गाठ मारली. दुसरं झालं, गाठ. हौद ओलांडून चौथं, पाचवं. चार गाठी झाल्या. मला मनात कुठं तरी धोट्याचा आवाज यायला लागला होता. हात गरम होते. मी पुन्हा तिसऱ्या प्रश्नाकडे वळले, आणि टाकावर बाईंची सावली पडली.

या देखरेखीच्या बाई पुण्याकडच्या. नुकत्याच नागपुरात आल्या होत्या. त्यांचं बोलणं छापलेल्या पुस्तकासारखं. त्यांनी मूठ उघडली, दोरा उंच केला, आणि विचारलं, "काय आहे हे?"

"दोरा जी."

"दोरा मलाही दिसतो आहे. ह्या गाठी कसल्या?"

"गाठी मारून राहिली जी मी."

"मारून राहिलीस? म्हणजे मारून ठेवल्यास. कुठे, घरी?"

"नाही जी, इथंच मारून राहिली."

"घरी मारून इथे येऊन राहिलीस, असंच ना?"

"नाही जी! मारून राहिली! आत्ता मारून राहिली!"

मी जितकी जोरात सांगत होते तितकं ते माझ्याच गळ्यात अडकत होतं. मारत आहे, एवढे दोन शब्द. कालच पेपरात लिहिले होते. पण पाचावर धारण बसली की शिकलेली भाषा आधी पळून जाते, मायची तेवढी तोंडात उरते. बाईंनी एक कोरा कागद घेतला, त्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "उत्तरांच्या खुणेच्या गाठी घरून मारून आणल्याचे विद्यार्थिनी कबूल करते." आणि माझा पेपर उचलला.

माझ्या डोळ्यांपुढं कन्हानचा पूलच आला. मी पेपराचं टोक घट्ट धरून ठेवलं, सोडेचना. बाई ओढतात, मी ओढते. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून डिप्टी साहेब आले. शाळा तपासणारे हे साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. मराठी त्यांना कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची. बाईंनी त्यांना दोरा दाखवला, कागद दाखवला. साहेबांनी मला विचारलं, "क्या है यह?" मी पेपराचं टोक न सोडता रडायला लागले.

तेव्हा शेजारच्या बाकावरची पोरगी उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. आवाज स्पष्ट होता.

"साहेब, ते आत्ता मारून राहिली. एक गणित झालं का एक गाठ. पहिल्यापासून मारून राहिली. मी पाहून राहिली होती."

डिप्टी साहेबांनी भुवया वर केल्या आणि हसले. "अरे बाई साहब, लड़की कह रही है कि बाँध रही है। अभी बाँध रही है। घर से नहीं लाई।" करून राहिली म्हणजे कर रही, त्यांना ते त्यांच्याच घरचं वाटलं. पुण्याच्या बाईंना माझी मराठी कळली नाही, ती जबलपूरच्या साहेबांना कळली! त्यांनी माझा पेपर पाहिला, गणितं मोजली, गाठी मोजल्या. चार आणि चार. म्हणाले, "एक और बाँधो।" मी डोळे पुसत एका हातानं गाठ मारली. त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला, दोरा ठेवला, बाईंचा कागद फाडून खिशात घातला.

मग ते तिच्याकडे वळले. आता हसू नव्हतं. "और तू? तू देख रही थी?"

पाहून राहिली होती. तेही त्यांना बरोबर कळलं होतं.

"हो जी."

"उसका परचा?"

"नाही जी. तिचा हात."

हात! परीक्षेत दुसरीचा हात कोण पाहतं? कोणाला खरं वाटलं नाही. मलाही नाही. साहेबांनी तिची झालेली गणितं आडवी रेघ मारून बाद केली, तिला कोरा कागद दिला आणि बाहेर वऱ्हांड्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं. वेळ तेवढाच, गणितं पहिल्यापासून. जाताना ती माझ्या बाकाला घासून गेली. मी वर पाहिलं नाही. माझ्या मनात चाललं होतं ते असं, की आधी हिनंच चुगली केली, मग घाबरली आणि मला वाचवायचं नाटक केलं. एवढं ठरवून मी श्वास सोडला आणि हौद भरला. पेपर संपला तेव्हा दोऱ्यावर दहा गाठी होत्या, नऊ गणितांच्या आणि एक साहेबांसाठी मारलेली. पुण्याच्या बाईंनी कागद गोळा करताना माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बांधते आहे, असं म्हणावं गं." मी म्हटलं, "हाव जी."

निकाल लागला. शाळेबाहेरच्या पाटीवर माझा नंबर होता. घरी आत्याचा विश्वास बसेना, म्हणाली, दुसऱ्या कोणाचा असन, पुन्हा पाहून या. बा माग सोडून स्वतः गेला, आकडा बोटानं गिरवून आला, तेव्हा कुठं तिनं साखर वाटली. त्याच पाटीवर मी दुसराही नंबर शोधला होता. तिचा, माझ्या पुढचाच. तो नव्हता.

आठ दिवस मी तिच्याकडे गेले नाही. नवव्या दिवशी गेले, आणि खरं सांगते, विचारपूस करायला नाही गेले. भांडायलाच गेले. मनातली पाल चुकचुकायची थांबत नव्हती. तो दोरा मी हाताला गुंडाळून नेला होता. ती घराच्या ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत बसली होती. आत बायकांचा आवाज येत होता. तिच्या वडिलांची छिंदवाड्याला बदली झाली होती, तिथं मराठी शाळा नाही, आणि तिच्यासाठी एक स्थळही पाहून ठेवलं होतं, हे मला फाटकातच त्यांच्या शेजारणीनं सांगितलं.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "खरं सांग. तूच सांगतलं ना बाईले, दोऱ्याचं?"

तिनं वर पाहिलं. "मी कशाले सांगू?"

"मंग बाईले कसं समजलं?"

"मी एकसारखी तुझ्या हाताकडे पाहून राहिली होती. बाई माझ्याकडे पाहून राहिली होती. म्हणून तिचं ध्यान तुझ्याकडे गेलं." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "माहे हात गार पडत होते ना. मले रोजच वाटते, मले काहीच येत नाही. तू गाठ मारली का मीही श्वास सोडून राहिली होती. तू गाठ मारे, मी एक गणित करो. तसं बरं चाललं होतं."

म्हणजे ती रोज सकाळी मला विचारायची, तुले येते का, ते अंदाज काढायला नव्हतंच. कोणी तरी हो म्हणावं, किंवा नाही म्हणावं, पण खरं सांगावं म्हणून विचारायची. आणि मी सात-आठ महिने तिला खोटं सांगत आले होते.

"पण माहा हात काहून पाहत होती वं?" मी विचारलं. माझा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता.

"मंग काय करू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. "दोरा त तू देला नाही."

मी हाताचा दोरा सोडला. दातांनी मधोमध तोडला. पाच गाठी इकडे, पाच तिकडे. अर्धा तिच्यापुढं धरला. तिनं गहू निवडणं थांबवलं, दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कशाले?" तिनं विचारलं.

सातवी पास झालेली मी तशीच उभी होते, हात पुढं करून.